उपकरण जर्मन, वाचक वऱ्हाडी

युरोपच्या मध्यभागी स्लोव्हाकिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याची लोकसंख्या सुमारे ५४ लाख. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार होती. म्हणजे हा संपूर्ण देश आपल्या जिल्ह्याच्या जेमतेम दुप्पट. १९९३ च्या प्रारंभी तो चेकोस्लोव्हाकियातून वेगळा झाला आणि १ मे २००४ रोजी युरोपीय संघाचा सदस्य बनला. जर्मनीतील टुटलिंगेन हे गाव शस्त्रक्रियेच्या उपकरणांसाठी जगप्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या कारखानदाराला आपले उपकरण स्लोव्हाकियात विकावयाचे असेल, तर सोबतची माहिती त्याला स्लोव्हाक भाषेत द्यावी लागते. युरोपीय संघाचा २०१७ चा वैद्यकीय उपकरणविषयक विनियम २६ मे २०२१ पासून लागू झाला. ज्या देशात माल जाणार त्या देशाने ठरविलेल्या भाषेत माहिती देणे ही त्या विनियमानुसार उत्पादकाची जबाबदारी आहे.

तसलेच उपकरण वणी, पुसद किंवा पांढरकवड्याच्या दुकानात येते तेव्हा पेटीतून बाहेर पडलेल्या घडीच्या कागदावर इंग्रजी असते, पुष्कळदा जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी असते, क्वचित हिंदीही असते. मराठी शोधूनही सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा नोंदविणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु साखर मोजण्याच्या यंत्राच्या पेटीपर्यंत ती वार्ता अद्याप पोहोचलेली दिसत नाही.

आयुर्वेदाच्या त्रैमासिकात जर्मन-स्लोव्हाक भाषांतराचे काय प्रयोजन, असे सुज्ञ वाचक विचारतील. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात रक्तदाबमापक आहे, वाफेवर चालणारे निर्जंतुकीकरण यंत्र आहे. क्षारसूत्र, अग्निकर्म, रक्तमोक्षण करणारे वैद्यबंधू तर उपकरणांवाचून एक दिवस काढू शकत नाहीत. आमचे औषधविक्रेते बंधू रोज साखरमापक, वाफारा यंत्रे, इन्सुलिनच्या सुया विकतात. या प्रत्येक वस्तूसोबत एक कागद येतो. तो कोणी लिहिला, कोणी भाषांतरित केला आणि शेवटी तो कोण वाचतो, हा प्रश्न म्हणूनच आपलाही आहे.

जर्मनमधून स्लोव्हाकमध्ये भाषांतर करणारा माणूस शोधणे वरकरणी सोपे वाटेल. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा ऑस्ट्रियाच्या सरहद्दीला अक्षरशः खेटून आहे. जर्मनभाषक व्हिएन्ना तेथून तासाभराच्या अंतरावर. दोन्ही भाषा बोलणारी माणसे त्या भागात पिढ्यानपिढ्या आहेत. न्यायालयीन कागदपत्रांसाठी शपथबद्ध भाषांतरकारांची यादीही तेथील न्याय मंत्रालय ठेवते. तथापि जन्मदाखला आणि खरेदीखत यांचे बिनचूक भाषांतर करणाऱ्या माणसाला निर्जंतुकीकरण यंत्राची सुरक्षा झडप म्हणजे काय हे ठाऊक असतेच असे नाही. दोन्ही भाषा, वैद्यक आणि यंत्र या तिन्हींची जाण एका व्यक्तीत मिळणे दुर्मीळ. त्यामुळे पुष्कळदा जर्मन मजकूर प्रथम इंग्रजीत जातो आणि इंग्रजीतून स्लोव्हाकमध्ये उतरतो. एका भांड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतलेल्या काढ्याचे जे होते, तेच अशा मजकुराचे होते, थोडे सांडतेच.

जर्मन भाषेचा एक विशेष संस्कृत जाणणाऱ्या वैद्यांना लगेच ओळखीचा वाटेल. ती समासप्रिय आहे. तीन-चार पदे सांधून एकच लांबलचक नाम सिद्ध करणे हा तिचा नित्याचा व्यवहार. 'सूचनापत्रक' यासाठीचा जर्मन शब्द 'गेब्राउख्सआनवाइझुंग' म्हणजे 'वापर' आणि 'सूचना' यांचा सरळ समास आहे. स्लोव्हाक भाषा मात्र विभक्तिप्रधान. तिच्यात असा समास बहुधा फोडून मांडावा लागतो. फोडताना कोणते पद कोणाचे विशेषण हे ठरवावे लागते. विग्रह चुकला की अर्थ चुकतो, हे आपण पहिल्या वर्षापासून शिकत आलो आहोत.

विग्रह चुकल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण बर्लिनमध्ये घडले. २००६ ते २००७ या काळात तेथील एका रुग्णालयात ४७ रुग्णांच्या गुडघ्यांत कृत्रिम सांधे चुकीच्या रीतीने बसविले गेले. सांध्याच्या वेष्टनावर इंग्रजीत 'नॉन-मॉड्युलर सिमेंटेड' असे शब्द होते. अर्थ असा की, सांधा सुट्या भागांचा नाही आणि तो सिमेंटने बसवावयाचा आहे. येथे नकार पहिल्या पदापुरता होता. वाचणाऱ्यांनी तो दुसऱ्या पदाला जोडला आणि 'सिमेंटविना बसवावयाचा' असा अर्थ घेतला. नञ् कोणत्या पदाशी संबद्ध, एवढाच प्रश्न! त्याचे उत्तर चुकले म्हणून माणसांना पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जावे लागले.

फ्रान्समधील एपिनाल येथील प्रकरण याहून दारुण आहे. २००४-०५ मध्ये तेथे प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २० हून अधिक रुग्णांना प्रमाणाबाहेर मात्रा दिली गेली. त्यांतील काही दगावले. मात्रा मोजणाऱ्या संगणकप्रणालीत एका प्रकारच्या पाचरीऐवजी दुसऱ्या प्रकारची पाचर गृहीत धरली गेली होती. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत अपुऱ्या प्रशिक्षणाबरोबर, कर्मचाऱ्यांच्या हाती फ्रेंच भाषेतील मार्गदर्शिका नव्हती, हेही एक होते. ते कर्मचारी अशिक्षित नव्हते. ते तज्ज्ञ होते आणि परभाषेतील पडदा पाहून काम करीत होते. आपल्याकडे 'डॉक्टरांना इंग्रजी येतेच की' असे म्हणून हा विषय झटकला जातो, तेव्हा आम्हांस एपिनाल आठवते.

शब्दांपेक्षा आकडे अधिक फसवे असतात. जर्मन आणि स्लोव्हाक दोन्ही भाषांत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, इंग्रजीत टिंब. '१,५' म्हणजे तेथे दीड. आपल्याकडे स्वल्पविराम हजार आणि लाख वेगळे दाखवितो. मूळ जर्मन कागद घाईत वाचणारा येथे सहज ठेच खातो.

दाबाचेही तसेच. वाफेच्या निर्जंतुकीकरणाची आपली घोकलेली रीत म्हणजे १२१ अंश सेल्सियस, १५ पौंड दाब आणि किमान १५ मिनिटे. युरोपीय यंत्रावर दाब 'बार' या एककात असतो. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड. परंतु काही कागदांवर हवेच्या नित्य दाबासह एकूण दाब दिलेला असतो, तर यंत्राच्या तबकडीवर हवेचा दाब वजा करून उरलेला. त्यामुळे १२१ अंशांसमोर एके ठिकाणी दोन बार आणि दुसरे ठिकाणी एक बार असे आकडे दिसतात, आणि दोन्ही बरोबर असतात! भाषांतरकाराने हा भेद जाणला नाही, तर वाचणारा एकतर यंत्र बिघडले असे समजेल किंवा झडप आवळत बसेल. दुसरी गोष्ट अधिक भयंकर.

रक्तशर्करेचे उदाहरण तर घराघरातले आहे. भारतात आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे मान वापरतो. स्लोव्हाकियात मिलिमोल प्रति लिटर. खुद्द जर्मनीत पश्चिमेकडे पहिले आणि पूर्वेकडच्या जुन्या साम्यवादी भागात दुसरे मान रूढ आहे. दोहोंत १८ पटींचा फरक. उपाशीपोटीचे १२६ मिलिग्रॅम म्हणजे ७ मिलिमोल. २०० मिलिग्रॅम म्हणजे सुमारे ११. इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियात नोकरी करणारा मुलगा प्रेमाने वडिलांसाठी यंत्र पाठवितो. दारव्हा किंवा दिग्रसमध्ये बसलेले वडील त्यात '११' पाहतात आणि साखर तळाला गेली या समजुतीने चमचाभर साखर तोंडात टाकतात. असे यंत्र घेऊन कोणी दुकानात पट्ट्या मागण्यास आला, तर आमच्या विक्रेत्या बंधूंनी पट्टीची जुळणी पाहण्याआधी पडद्यावरील एकक पाहावे, अशी आमची विनंती आहे.

इन्सुलिनच्या बाबतीत भाषांतर लागतच नाही, रंग बोलतो. पण तोही वाचता यावा लागतो. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० एकके असलेल्या कुपीसाठी लाल टोपणाची सिरिंज आणि १०० एककांच्या कुपीसाठी केशरी टोपणाची सिरिंज मिळते. अदलाबदल झाली की मात्रा अडीच पटींनी वाढते किंवा घटते. लाल आणि केशरी यांतील अंतर मंद दिव्याखाली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना किती दिसणार?

येथे आपल्या परंपरेकडे वळणे भाग आहे, कारण उपकरणाचे वर्णन शब्दांत कसे करावे याचा आपल्याजवळील सर्वांत जुना नमुना सुश्रुताचा आहे. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात १०१ यंत्रे सांगितली आहेत: स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ आणि उपयंत्रे २५. आठव्या अध्यायात २० शस्त्रे. विशेष असे की, यंत्राचे बारा दोषही तेथे मोजून दिले आहेत. अतिस्थूल, असार, वक्र, शिथिल, विषमग्राही अशी ती यादी आजच्या कोणत्याही उपकरण-तपासनिसाला उपयोगी पडेल. स्वस्तिक यंत्रांची नावे प्राण्यांच्या मुखांवरून ठेवली: सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख, कंकमुख. शस्त्रांची नावे पानांवरून आणि धान्यावरून: उत्पलपत्र, कुशपत्र, व्रीहिमुख. ज्याने साळीचा दाणा पाहिला आहे त्याला व्रीहिमुखाचे टोक कसे असेल हे चित्रावाचून कळते. अशा सूचनापत्रकाला आकृतीची गरज पडत नाही.

परंतु ज्याने तो दाणा, तो पक्षी पाहिलेला नाही त्याचे काय? डल्हणाच्या काळापासून टीकाकार याच प्रश्नाशी झुंजत आले. पुढे फ्रान्त्स हेस्लर या जर्मन पंडिताने १८४४ ते १८५० या काळात सुश्रुतसंहितेचे लॅटिन भाषांतर एर्लांगेन येथून प्रसिद्ध केले. संस्कृतातून लॅटिनमध्ये जाताना तरक्षु म्हणजे नेमका कोणता प्राणी आणि कंक म्हणजे नेमका कोणता पक्षी, हे एर्लांगेनमध्ये बसून ठरविणे किती अवघड गेले असेल याची कल्पना करावी. आज तरक्षु म्हणजे तरस असे आपण सांगतो. तरी त्याच्या जबड्यासारखे यंत्र हाती घेऊन पाहिलेला वैद्य विरळाच.

आता प्रवाह उलट दिशेनेही वाहतो. पंचकर्माची उपकरणे आणि औषधे भारतातून जर्मनीत जातात आणि त्यांच्यासोबतचा मजकूर जर्मनमध्ये करावा लागतो. तेथे 'बस्तिनेत्र' या शब्दाशी भाषांतरकाराची गाठ पडते. संस्कृत कोश उघडून बसलेला परका माणूस नेत्र म्हणजे डोळा असेच लिहील. बस्तिकर्मातील नेत्र म्हणजे नळी, हे सांगावयास वैद्यच हवा. जर्मन-स्लोव्हाक भाषांतरासाठी जो दुर्मीळ माणूस तिकडे शोधतात, तसाच माणूस संस्कृत-मराठी-जर्मन या वाटेवर आपल्याला शोधावा लागणार आहे. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि मॅक्समुल्लर भवनात जर्मन शिकलेले मराठी तरुण पुष्कळ आहेत. त्यांना भाषा येते. नेत्र, वर्ती, पोटली हे शब्द त्यांना कोणी हाताला धरून दाखविलेले नाहीत. आयुर्वेद महाविद्यालयांनी अशांना महिनाभर पंचकर्म विभागात बसू दिले, तर भाषांतराचा दर्जा पालटेल असे आमचे मत आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या दिवसांत सरकारी रुग्णालयाच्या खाटा ज्यांनी पाहिल्या ते विसरू शकणार नाहीत. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील लक्षणीय बाब अशी की, कीटकनाशकांच्या बाबतीत कायदा अधिक शहाणा आहे. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार लेबल व पत्रक हिंदी, इंग्रजी आणि विक्री होणाऱ्या भागातील एक-दोन प्रादेशिक भाषांत छापावे लागते. डब्यावर विषाची तीव्रता सांगणारा रंगीत चौकोनही असतो: लाल सर्वांत तीव्र, मग पिवळा, निळा, हिरवा. म्हणजे भाषा होती, रंग होता. परंतु अक्षर मुंगीएवढे, घडी सात पदरी, आणि फवारणारा बहुधा मजूर. डबा मालकाच्या घरी, पंप मजुराच्या पाठीवर. दुकानदाराने तोंडी सांगितले तेवढेच त्याचे सूचनापत्रक. भाषांतर झाले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी यवतमाळचा २०१७ चा पावसाळा आठवावा.

३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यात १२ बालकांना पोलिओच्या डोसाऐवजी हात निर्जंतुक करण्याचे द्रव पाजले गेले. सुदैवाने मुले बरी झाली. येथे भाषांतराचा दोष नव्हता. कुपीवरील अक्षर वाचण्याची सवयच सुटली होती.

उपकरणांच्या बाबतीत कायद्याची स्थिती काय? २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून अमलात आले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधाच्या व्याख्येत घेतली गेली. लेबलवर काय असावे हे नियमांत बारकाईने सांगितले आहे. ते मराठीत असावे असा आग्रह मात्र त्यांत नाही. आयुर्वेदीय औषधांना एक जुने बंधन आहे, ते येथे आठवावे. बचनाग, बिब्बा, धोतरा, जमालगोटा, कुचला अशी अनुसूची ई-१ मधील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधावर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, ही ताकीद इंग्रजी आणि हिंदी या दोन्ही भाषांत ठळकपणे छापावी लागते. मराठी छापण्यास कोणी मनाई केलेली नाही. आपल्या जिल्ह्यातील लहान फार्मसीचालकांनी ही ओळ मराठीतही घालावी. शाई फारशी लागणार नाही.

मराठी करताना कोणती मराठी, हा पुढचा प्रश्न. शासनाच्या भाषा संचालनालयाने शरीर, औषधशास्त्र इत्यादी विषयांचे परिभाषा कोश काढले आहेत आणि ते चाळण्यासारखे आहेत. पण कोशातील शब्द जसाच्या तसा पत्रकात टाकला की गंमत होते. 'डिस्पोजेबल' या शब्दासाठी 'टाकाऊ' लिहिले की गिऱ्हाईक म्हणणार, टाकाऊ माल मला कशाला देता? 'एकदाच वापरावयाचे' असे सरळ लिहावे. 'स्टराइल' या शब्दासमोर कोशांत वांझ आणि निर्जंतुक असे दोन्ही अर्थ आहेत. मोबाइलवरील यांत्रिक भाषांतर कोणता उचलेल याचा नेम नाही. 'निर्जंतुक' हा शब्द रुळला आहे, तोच ठेवावा, परंतु 'स्वच्छ' हा त्याचा पर्याय नव्हे हे मनाशी पक्के असावे. साखरमापकाची 'पट्टी' म्हणजे जखमेवर बांधण्याची पट्टी नव्हे; आमच्याकडे बहुतेक जण 'स्ट्रिप'च म्हणतात, तर तोच शब्द देवनागरीत लिहिण्यात कमीपणा नाही. रक्तदाबमापकाच्या 'कफ'ला मात्र 'पट्टा'च म्हणावे. वैद्याच्या दवाखान्यात 'कफ दंडाला घट्ट बांधावा' असे वाक्य वाचून रुग्ण काय समजेल, हे सांगणे न लगे!

युरोपातील चांगल्या भाषांतरसंस्था एक पथ्य पाळतात, ते आपणही उचलावे. आयएसओ १७१०० या २०१५ च्या मानकानुसार भाषांतर करणाऱ्याखेरीज दुसऱ्या जाणकाराने ते मुळाशी ताडून पाहणे आवश्यक आहे. त्याहून पुढची पायरी म्हणजे उलट भाषांतर: मराठी मजकूर, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत करून घ्यावयाचा आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून पाहावयाचे. आणि शेवटची पायरी दुकानाच्या फळीवर होते. गिऱ्हाइकाला कागद देऊन 'समजले का' असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी 'हो' असते. 'काकाजी, आता तुम्ही मला करून दाखवा' असे म्हणावे. दोन मिनिटे जातात. चूक त्याच जागी सापडते.

आमच्या मते आरंभ तीनच वस्तूंपासून करावा: साखरमापक, इन्सुलिनची सिरिंज आणि वाफारा यंत्र. प्रत्येकी एक पान, मोठे अक्षर, आकडे देवनागरी आणि यंत्रावर दिसतात तसे अशा दोन्ही रीतींनी. त्याच पानाच्या तळाशी वेष्टनावरील आंतरराष्ट्रीय चिन्हांचा अर्थ द्यावा. वाळूचे घड्याळ म्हणजे वापरण्याची अंतिम मुदत, कारखान्याचे चित्र म्हणजे उत्पादक, छत्री म्हणजे ओलाव्यापासून जपा, उघडे पुस्तक म्हणजे सूचना वाचा. वर्तुळात काट मारलेला दोनचा आकडा म्हणजे दुसऱ्यांदा वापरू नका. 'दोन नग वापरू नका' असा त्याचा अर्थ लावणारे आम्हांस भेटले आहेत.

आणि तरीही जिल्हा संपत नाही. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलामांचे पोड आहेत, गोंडांची गावे आहेत; पुसद-दिग्रसकडे तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते; सरहद्दीला तेलुगू. कोलामी ही द्राविड कुळातील भाषा, तिला स्वतःची लिपी नाही. तेथे सूचनापत्रक छापून भागणार नाही, ते बोलावे लागेल. पोडावरील आशाताई किंवा शाळेत शिकलेली एखादी मुलगी हीच तेथील जर्मन-स्लोव्हाक भाषांतरकार आहे. तिच्याकडून 'सुई टोचण्यापूर्वी हात धुवा आणि कोरडे करा' हे एक वाक्य कोलामीत म्हणवून घेऊन मोबाइलवर नोंदवावे, आणि पोडातील दोघा म्हाताऱ्यांना ऐकवून त्यांनी काय केले ते पाहावे. ज्या वैद्यबंधूंचे दवाखाने त्या बाजूला आहेत त्यांनी अशी दहा-बारा वाक्ये गोळा करून पाठविली, तर पुढील अंकात ती देवनागरीत छापण्यासाठी जागा राखून ठेवू.